दार ओढून घेणारा माणूस

ल्यों,
१४ ऑक्टोबर

प्रिय सोलेन,

तुझं कार्ड मिळालं. कार्डावर ब्रेस्तचा समुद्र निळाशार दिसतो. तू लिहितेस की तिथे महिनाभर पाऊस थांबलेला नाही, मग तो फोटो कुणी आणि कधी काढला देव जाणे. मुली बऱ्या आहेत ना? धाकटीचा खोकला गेला का? इथे आम्ही ठीक. सोन नदीवर सकाळी धुकं उतरायला लागलंय आणि बेकरीत गुलाबी बदामांचे पाव परत दिसू लागलेत. मी अजून घेतले नाहीत.

तू फोनवर विचारलंस, बाबांना फोन का देत नाहीस. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. फोनवर तू मला मधेच तोडतेस, आणि मी बोलत असताना ते शेजारी बसून माझ्या तोंडाकडे बघत असतात. कागदावर बरं पडतं. कागद मधे बोलत नाही.

मुद्द्याचं आधी. सां-ज्यूस्तच्या टेकडीवरच्या वृद्धाश्रमात एक खोली रिकामी होते आहे. तिथे खोली कशी रिकामी होते हे विचारायचं नसतं. वसंतात डॉक्टरांनी नाव घालून ठेवा म्हटलं, मी घातलं, नाव घालायला काय जातंय. आता त्यांना नोव्हेंबर संपायच्या आत हो की नाही ते हवंय. तू म्हणालीस, "आई, बाबा स्वतःच्या घरातच राहतील. तू मला शब्द दिला होतास." दिला होता. पाळते आहे.

मदतनीस बाई दुपारीच येते, म्हणून पर्यटकांना गाव दाखवायच्या माझ्या सकाळच्या टूरला मी त्यांना बरोबर नेते. तुला ऐकून बरं वाटेल, ते आता माझं सगळं ऐकतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे पहिल्यांदाच. गटात अगदी पुढे उभे राहतात आणि मान हलवत ऐकतात. मी नेहमीचंच सांगते: एका गल्लीतल्या दारातून आत शिरायचं, चौकातून चौकात जायचं आणि पलीकडच्या गल्लीत बाहेर पडायचं. आमच्या जुन्या ल्योंची हीच गंमत. पण वर माणसं राहतात, त्यांची खिडकीत वाळत घातलेली पायजमे-बनियनं ऐतिहासिक नाहीत, तेव्हा आत शिरल्यावर कुणी बोलायचं नाही आणि जिने चढायचे नाहीत. यावर लोक हसतात. बाबा रोज हसतात. रोज नव्याने.

आणि आत शिरताना ते आपणहून सगळ्यांच्या मागे जातात. शेवटच्या माणसाने रस्त्यावरचं दार हळूच ओढून घ्यायचं, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. ते ओढून घेतात, कुलूप खट्ट वाजतं, आणि मला कळतं की गट आत आला. इतक्या वर्षांत माझ्या हाताखाली इतका चांगला माणूस कधी नव्हता. काळा झगा घालून भुतांच्या गोष्टी सांगत हिंडणारा तो नवा पोरगा, उचलली जीभ लावली टाळ्याला असा, तोसुद्धा परवा म्हणाला, तुमचा सहायक छान आहे, कुठून मिळवलात?

कॅथेड्रलसमोर एका नॉर्मंडीच्या बाईंनी विचारलं, "हे गृहस्थ तुमच्या ओळखीचे का?" मी म्हटलं, नेहमीचे आहेत.

आठ डिसेंबरच्या सणाला तू मुलींना दिवे दाखवायला आणणार म्हणतेस. ये असंही मी म्हणत नाही, नको असंही म्हणत नाही. गर्दी फार असते. आता सगळा देश आमच्या खिडक्यांतल्या मेणबत्त्या बघायला येतो आणि खिडकीवाल्यांना स्वतःच्या घरी पोचायला दोन पूल फिरून यावं लागतं. बघू.

बाबांतर्फे मुलींना पापा.

तुझी,
आई


ल्यों,
७ नोव्हेंबर

सोलेन, पोरी,

मागच्या पत्रात मी तुला ताकास तूर लागू दिली नाही. तू परवा सरळ विचारलंस, "आई, काय लपवते आहेस?" आणि मी म्हटलं की गॅसवर दूध आहे. गॅसवर काही नव्हतं.

मंगळवारी माझ्याबरोबर दिजोंच्या निवृत्त शिक्षकांचा गट होता. शिक्षक म्हणजे कसे, मी वाक्य सुरू केलं की ते संपवायचे. लांबच्या वाटेने त्यांना आत घेतलं. मी हात वर केला, सगळे गप्प झाले. एक चौक, दुसरा चौक, मग तो अंधारा बोळ, आणि ब्यफ गल्लीत बाहेर. बाहेर आल्यावर माझ्या लक्षात आलं की मागचं दार वाजलंच नाही. शिक्षकांना म्हटलं, कोपऱ्यावरचा दगडी बैल बघा आणि त्याच्यात काय चूक आहे ते शोधून ठेवा. त्यांना अर्धा दिवस पुरेल एवढं काम देऊन मी मागे फिरले.

रस्त्यावरचं दार सताड उघडं होतं. चौकात कुणी नव्हतं. मग मी वर पाहिलं. दुसऱ्या मजल्यावरच्या सज्जात मांजर बसलं होतं आणि त्याच्यामागचं दार किलकिलं होतं.

त्या दोन खोल्या तुला आठवणार नाहीत. लग्न झाल्यावर आम्ही तिथेच बिऱ्हाड केलं होतं, तू रांगायला लागलीस आणि आम्ही हललो. आता तिथे मादाम पेराशों राहतात, एकट्या. मांजरासाठी सकाळी दार लोटून ठेवतात. मी जिना चढले. जो जिना चढू नका म्हणून मी जन्मभर लोकांना सांगते तोच.

बाबा स्वयंपाकघरात टेबलाशी बसले होते. गळ्यात रुमाल खोचलेला, पुढ्यात उकडलेले बटाटे आणि कांद्याची पात घातलेलं ताजं चीज. मला बघून ते अर्धवट उठले. परक्या बायकांना बघून उठतात तसे.

"मादाम, तुम्ही माझ्यासाठी मागे आलात? लाजवलंत. मी चुकलो नाही, मी घरीच आलोय. गटाला जाऊ द्या पुढे. बायको दुकानातून आली की आम्ही जेवणार."

मादाम पेराशोंनी मला खिडकीशी नेलं. मी माफी मागायला लागले तर म्हणाल्या, "राहू दे गं. मघापासून तुझीच तारीफ चालली आहे."

"काय म्हणतात?"

"बटणांच्या दुकानात कामाला असते म्हणे. लांब वेणी आहे. चिडली की भांडी आपटते. आणि इकडून बाहेर पडली की तिकडच्या कोपऱ्यावर पोचेपर्यंत हे खिडकीत उभे राहून बघतात."

वेणी मी तुझ्या जन्मानंतर कापली. बटणांचं दुकान बंद पडलं तेव्हा तू शाळेत होतीस. गाइडचा बिल्ला मला पन्नाशीत मिळाला. तेव्हा बाबा कुठल्या वर्षात राहतात ते तूच ओळख. त्या वर्षात बिल्लावाली पांढऱ्या केसांची बाई नाही.

आता सांगून टाकते. उन्हाळा संपता संपता एक दिवस ते मला मादाम म्हणाले. मला वाटलं थट्टा करतायत, पूर्वी करायचे. मी पण म्हटलं, बोला मस्यू. दुसऱ्या दिवशी पण मादाम. मग मी थट्टा थांबवली आणि ते थांबले नाहीत.

बाहेर असलो की काही नाही. मी गळ्यात बिल्ला घातला, हातात छत्री घेतली की त्यांचा चेहरा खुलतो. घरी आलो की सुरू होतं. जेवायला बसताना जिन्याकडचं दार उघडं ठेवतात. लोकांनी भलता अर्थ काढू नये म्हणून, असं त्यांनीच मला समजावून सांगितलं. मी दंड धरला की अदबीने सोडवून घेतात. कोट घालून घरातल्या बोळात उभे राहतात आणि म्हणतात, "तुम्ही फार चांगल्या आहात, पण मला आता घरी गेलं पाहिजे. ती काळजी करत बसेल." मी म्हणते, हेच घर. मग ते माझी भांडी बघतात, पडदे बघतात, आणि त्यांचा चेहरा असा होतो की काय सांगू. कुणीतरी आपल्या बायकोला कुठेतरी ठेवून तिच्या स्वयंपाकघरात येऊन राहिलंय, असा. मी तुझ्या जुन्या खोलीत झोपते. आतून कडी लावते, त्यांना बरं वाटावं म्हणून.

बायका देवाकडे एकनिष्ठ नवरा मागतात. मला मिळाला. तो माझ्याशी एकनिष्ठ राहण्यासाठी माझ्यापासून चार हात लांब राहतो.

तू विचारशील, आई, तुला काय वाटतं? दाताच्या डॉक्टरांनी सुई दिल्यावर गाल कसा होतो, तसं आहे. आपलाच असतो, चिमटा काढला तरी कळत नाही, आणि पाणी प्यायला गेलं की ओघळतं. मी रडलेले नाही. रडू येत नाही म्हणून काळजी वाटायला हवी, ती पण वाटत नाही. टूर करते, भाजी आणते, बिलं भरते. त्या दिवशीही बाबांना तासभर मादाम पेराशोंकडेच बसू दिलं आणि टूर पुरी केली. शिक्षकांच्या गटाने शेवटी टाळ्या वाजवल्या. बैलात काहीच चूक नाही, असं त्यांनी मला तोंडावर सांगितलं.

खोलीचं अजून काही कळवलेलं नाही. तुला दिलेला शब्द आहेच. पण तो शब्द दिला तेव्हा मला वाटलं होतं की घर म्हणजे जागा.

फोन करू नकोस. लिही.

तुझी,
आई


ल्यों,
३० नोव्हेंबर

लाडके सोलेन,

लिही म्हटलं होतं तरी तू फोनच केलास, आणि बराच वेळ नुसती रडलीस. बरं झालं. या घरात कुणीतरी रडायला हवं होतं.

तू म्हणालीस, फोटो दाखव. दाखवले. लग्नाचा फोटो त्यांनी हातात घेतला, खिडकीशी नेला, मग माझ्याकडे आणला. "हीच ती," म्हणाले. "तुम्ही ओळखता हिला?" मी म्हटलं, पाहिलंय. ते म्हणाले, "मग तिला निरोप द्याल का? मी वाट बघतोय म्हणावं." फोटो कोटाच्या आतल्या खिशात घातला. मला विचारलंही नाही, फोटो त्यांचाच होता. तुझा जुना फोटो दाखवला तेव्हा म्हणाले, गोड मुलगी आहे, कुणाची?

तू चिडून म्हणालीस की आई, तू दमली आहेस म्हणून सोयीस्कर विचार करते आहेस. दमले आहे हे खरं. पण दमलेली बाई काही खोटंच बोलते असं नाही. मी त्यांना दोन्ही ठिकाणी पाहिलंय, सोलेन. पेराशोंच्या स्वयंपाकघरात ते तासभर शांत बसले, कारण तिथे ती यायची होती. आमच्या स्वयंपाकघरात ती यायची शक्यताच उरत नाही, कारण तिथे मी असते. मी तिच्या कपाटातून बशा काढते, तिच्या खुर्चीत बसते. मी घरात असेपर्यंत त्यांना घर मिळत नाही. हे मी कुणावर रागावून म्हणत नाहीये. रागवायला कुणी सापडत नाही.

वृद्धाश्रमाला हो कळवलं. शब्द मोडला. तुला हे वाचून माझा राग आला तर येऊ दे.

सोमवारी नेलं. त्यांचे कपडे मी आदल्या दिवशीच वर पोचवून आले होते. कसं नेणार हा प्रश्न होता, कारण घरातून निघताना ते माझ्याबरोबर कुठेही यायला तयार नसतात, आणि बळजबरी मला करायची नव्हती. म्हणून टूरलाच नेलं. माझं दुसरं काय आहे? ग्रनोबलची मंडळी होती, बिचारी थंडीने काकडलेली. नेहमीसारखं सगळं दाखवलं. चौक, गुलाबी मनोरा, विणकरांची घरं. बाबांनी नेहमीसारखं दार ओढून घेतलं. कॅथेड्रलपाशी मी सगळ्यांचा निरोप घेतला आणि म्हटलं, ज्यांना वेळ आहे त्यांनी वर चला, टेकडीवरून गाव छान दिसतं. त्यांना भूक लागली होती, ती खाणावळीकडे पळाली. बाबा राहिले.

"मला वेळ आहे," म्हणाले. "दुकान सुटायला अवकाश आहे."

टेकडी चढणाऱ्या दोरीच्या रेल्वेतून वर गेलो. बोगद्यात त्यांनी मला त्यांच्या आजोबांची गोष्ट सांगितली, रेशमाचे तागे खांद्यावर घेऊन याच टेकडीवरून उतरायचे ती. मी ती शंभरदा ऐकली आहे, पण पाहुण्याला सांगतात तशी, नीट, सुरुवातीपासून, कधीच ऐकली नव्हती. छान सांगतात. टूरवर माझ्या सोबतीला तुम्हीही बोलायला हवं, असं मी म्हटलं तर ते लाजले.

वृद्धाश्रमाच्या दारात नादेज नावाची परिचारिका उभी होती. तिला मी सगळं सांगून ठेवलं होतं. तिने बोंझूर मस्यू म्हटलं, यांनी टोपी काढली. त्यांना वाटलं ही इथली गाइड. मागच्या बागेतून खरंच सगळं गाव दिसतं, दोन्ही नद्या, कौलं, धुराडी. त्यांनी विचारलं, इथून त्या दोन खोल्यांची सां-ज्याँ गल्ली ओळखू येते का. मी दाखवली. मग दुसऱ्या मजल्यावरची ती खिडकी कुठे असेल तेही दाखवलं, अंदाजाने. ते बराच वेळ तिकडे बघत राहिले. वाऱ्याने डोळ्यांत पाणी येत होतं, त्यांच्या. मला थंडी वाजत होती एवढंच मला आठवतं.

नादेज म्हणाली, आत सूप आहे, घेऊन जा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, टूरमध्ये हे धरलेलं आहे का, असं. मी म्हटलं, धरलेलं आहे. ते आत गेले. खोलीत गेले, पलंग बघितला, पडदा सरकवून बघितला, आणि जिन्याकडचं दार उघडं ठेवा असं एकदाही म्हणाले नाहीत. कोट काढून खुंटीला लावला. आमच्या घरी त्यांनी कोट काढला त्याला किती दिवस झाले मला सांगता येणार नाही.

मी निघाले तेव्हा दारापर्यंत सोडायला आले.

"मादाम, उद्या पण तुम्हीच फिरवता का?"

"रोज मीच."

"मग उद्या मी बायकोला घेऊन येतो. बिचारी जन्मभर याच गावात राहिली, पण दुकानातून सुट्टी कुठे मिळते? पिकतं तिथे विकत नाही, तसं झालंय. तिला कुणी काही दाखवलंच नाही. मी पण नाही." मग जरा जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "ती प्रश्न विचारत नाही. लाजते. तुम्ही आपणहून सांगा तिला. आणि जिना असेल तिथे सावकाश चला, तिला दिवस गेलेत."

मी म्हटलं, घेऊन या.

तू येते आहेस, आठ तारखेच्या आधीच येते आहेस, हे कळलं. ये. मुलींनाही आण. पण वर जाताना माझ्याबरोबर चल, आणि पहिल्या भेटीत बाबा म्हणून मिठी मारू नकोस. गटातली एक म्हणून ये. ते तुला टेकडीवरून गाव दाखवतील. चांगलं दाखवतात. तुला ते सहन होईल का मला माहीत नाही. मला होतं, पण माझ्यावरून अंदाज करू नकोस, मला सध्या सगळंच सहन होतं.

मी रोज टूर संपली की वर जाते. ते बागेच्या फाटकाशी उभे असतात, दाढी केलेली, केस विंचरलेले. माझ्याकडे नाही, माझ्या मागे बघतात, मग स्वतःच्या मागे बघतात, आणि ओशाळून माफी मागतात. "आज पण तिला जमलं नाही हो. तुम्हाला उगाच चढाव पडला. उद्या नक्की आणतो." मी म्हणते, काही हरकत नाही मस्यू, मी थांबेन. आणि मग आम्ही दोघं बाकावर बसून तिची वाट बघतो. काल त्यांनी गार वारा लागतोय म्हणून त्यांचा मफलर माझ्या गळ्यात घातला, आणि लगेच म्हणाले, तिला सांगू नका.

नाही सांगितलं. फक्त तुला सांगते आहे.

तुझी आई,
आणि त्यांची अजून न आलेली बायको,
ओदील